पाणी निघून गेलेली तीर्थं

आत्याच्या लाकडी पेटीत पाच बाटल्या होत्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या असतात तसल्या, बोटाएवढ्या, काचेच्या, बुचाच्या. तीन भरलेल्या, दोन कोरड्या. प्रत्येकीच्या गळ्यात सुतानं बांधलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आत्याचं मोठं, गोलसर अक्षर. भरलेल्यांवर पंपा, बिंदू, पुष्कर. कोरड्यांवर नारायण, मानस.

परंपरेनं पवित्र मानलेली ही पाच सरोवरं. पंपा तुंगभद्रेच्या पलीकडे, अनेगुंदीच्या बाजूला. तिथे आत्या गावातल्या बायकांबरोबर गेली होती. बिंदू सरोवर सिद्धपूरला. तिथे आईचं श्राद्ध करतात, म्हणून त्या गावाला मातृगया म्हणतात, आणि आत्यानं तिथे माझ्या आजीचं श्राद्ध करवून घेतलं. पुष्करला ती माझ्या वडिलांबरोबर गेली. मानससरोवर आपल्या नशिबात नाही, हे तिनं फार पूर्वीच मान्य केलं होतं. नारायण सरोवर मात्र शेवटपर्यंत तिच्या मनात राहिलं. "कच्छ काय, आपल्याच देशात हाय," असं ती म्हणायची. मग गुडघे गेले, डोळे गेले, आणि ऐंशी ओलांडल्यावर एका पहाटे तीच गेली.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, 'नारायण' लिहिलेली बाटली रुमालात गुंडाळून मी भुजला उतरले. भाचा गांधीधामला नोकरीला आहे, तो गाडी घेऊन आला होता. आठ दिवस आम्ही हिंडलो. बाटली भरायला एक मिनिटही लागलं नसतं, पण त्या एका मिनिटासाठी मला आठ दिवस हवे होते, कारण माझ्याजवळ आत्याच्या बाटलीबरोबर तिचंच एक जुनं वाक्यही होतं आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता.

मी पैठणची. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. गोदावरीला आम्ही घरात गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. जायकवाडी धरणाचं काम 1965 साली सुरू झालं तेव्हा मी पाच वर्षांची होते. 1976 साली ते पुरं झालं तेव्हा दहावीला. (धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीला व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं.) गावाच्या डोक्यावर नाथसागर पसरला आणि गावापुढची गंगा उन्हाळ्यात उघडी पडू लागली. नागघाटाच्या पायऱ्या संपल्या की पुढे गोटे, शेवाळ वाळून झालेली पांढुरकी साय, आणि मध्येच एखादं डबकं. आत्या तरीही जायची. घरून तांब्याभर पाणी न्यायची, शेवटच्या पायरीवर उभी राहायची, ते पाणी पायांवर घ्यायची, ओल्या हातानं एक गोटा शिवून डोळ्यांना लावायची आणि परत यायची. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा न राहवून विचारलं, "आत्या, पाणीच नाही तर तीर्थ कसलं?" तांब्या पदरानं पुसत ती म्हणाली, "पाणी गेलं म्हणून गंगा जाती का गं?"

मला ती पळवाट वाटली होती. वर्गात नदीची व्याख्या शिकवताना प्रत्येक वर्षी हे वाक्य मध्ये यायचं. वाहतं पाणी म्हणजे नदी. ते वाहणं थांबलं, तर उरतं ते काय? आणि जे उरतं, त्याला हात जोडायचे ते कशासाठी? आईवडिलांच्या अस्थी सोडायच्या, मुलांना पहिलं स्नान घालायचं, त्या जागेचं पावित्र्य पाण्यात असतं, की जागेत, की आपल्यात? देशात हा प्रश्न सगळ्यात स्पष्ट दिसेल असा जिल्हा कच्छ आहे. 45,674 चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळानं देशातला सगळ्यात मोठा, आणि त्याचा मोठा भाग मिठाचा. इथून पाणी एकदाच गेलेलं नाही, पुनःपुन्हा गेलं आहे.

तीर्थ हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ तरून जाणं, पार होणं. तीर्थ म्हणजे मुळात उतार; नदी जिथे पायी ओलांडता येते ती जागा. मराठीनं त्याला आणखी एक अर्थ दिला: पूजा झाल्यावर पळीनं तळहातावर पडतं ते पाणी. आणि वाळवंट या शब्दाचं मराठीत जे झालं, तसं मला दुसऱ्या भाषेत माहीत नाही. पुस्तकात वाळवंट म्हणजे निर्जळ मुलूख. पण वारकऱ्याला वाळवंट म्हटलं की चंद्रभागा दिसते, कीर्तन ऐकू येतं, एकमेकांच्या पाया पडणारी माणसं दिसतात. आमचं वाळवंट नदीच्या मिठीत असतं. आषाढीला उजनी धरणातून पाणी सोडावं लागतं हे ठाऊक असूनही ते वाळवंट आमच्या मनात ओलंच राहतं. अशा शब्दाची ओंजळ घेऊन मी रणाच्या काठावर उभी राहिले आणि पहिल्यांदा मला शब्दच सुचेना. पांढरं, सपाट, क्षितिजापर्यंत काही नाही. रण हा शब्द संस्कृत 'इरिण'वरून आला, इरिण म्हणजे क्षाराची पडीक जमीन. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-वर्णनात याच भागाला 'एरिनॉन' म्हटलं आहे. दोन हजार वर्षं ज्याचं नाव टिकलं ते पडीकपण आहे.

लखपतला मात्र पडीकपणाचा इतिहास तारखेसह मिळतो. भुजच्या वायव्येला, जमीन संपते तिथे हे गाव आहे. सात किलोमीटरची तटबंदी, 1801 साली जमादार फतेह महंमदानं बांधून काढलेली, आणि आत बहुतेक वेडी बाभूळ. रोज लाख कोऱ्यांची उलाढाल व्हायची म्हणून लखपत, असं लोक सांगतात. कोरी हे कच्छच्या संस्थानाचं नाणं. सिंधूचा एक फाटा इथवर यायचा, गलबतं लागायची, आसपास भात पिकायचं. कच्छमध्ये भात! मी तटावर चढून पाहिलं तेव्हा उत्तरेकडे चिखलाचा राखाडी पट्टा होता आणि त्याच्यापुढे काही नाही. बाजूला सीमा सुरक्षा दलाचा जवान दुर्बिणीतून त्याच 'काही नाही'कडे बघत होता.

हे पाणी आधी माणसानं अडवलं. 1762 साली झारा इथे कच्छ आणि सिंध यांच्यात मोठी लढाई झाली, आणि त्यानंतर सिंधच्या गुलाम शाह कल्होरानं मोरा इथे बांध घालून कच्छकडे येणारा फाटा तोडला. भाताची शेतं वाळली. मग 16 जून 1819 च्या संध्याकाळी भूकंप झाला. रणातला सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला; बुरुजावर चढलेली मोजकी माणसं दुसऱ्या दिवशी होडीनं निघाली. आणि किल्ल्याच्या उत्तरेला, जिथे काहीच नव्हतं तिथे, जमिनीचा लांबलचक उंचवटा वर आला होता. 80 किलोमीटरहून लांब, काही ठिकाणी 6 मीटरपर्यंत उंच. नदीच्या उरल्यासुरल्या वाटेवर आडवा.

लोकांनी त्याला नाव दिलं अल्लाबंध. माणसांनी घातलेल्या बांधांपासून वेगळा ओळखता यावा म्हणून. मला हे नाव फार महत्त्वाचं वाटतं. त्यात आक्रोश नाही, शिक्षेची भाषा नाही, 'आमचं काय चुकलं' हा प्रश्नही नाही. तो बांध गुलाम शाहचा, हा अल्लाचा, एवढंच. मी लातूरच्या किल्लारी भूकंपानंतर, 1993 साली, शिक्षकांच्या तुकडीबरोबर त्या गावांत गेले होते. तिथे मला प्रत्येक घरात कारण शोधणारी माणसं भेटली: कुणाचं पाप, कुठला कोप, कुठलं वर्ष. कारण मिळालं की दुःखाला धरायला कठडा मिळतो, हे मला तेव्हा कळलं आणि म्हणून मी कुणाला खोडलं नाही. पण ज्या माणसांनी अल्लाबंध हा शब्द केला त्यांनी कठडा न धरता उभं राहून दाखवलं. त्यांनी कर्त्याचं नाव घेतलं आणि हेतू विचारला नाही. ही श्रद्धा माझ्या आवाक्यातली नाही, पण ती पाहिल्यावर मान लवते.

त्याच मुलखात याच्या अगदी उलट गोष्टही नांदते. धिणोधर डोंगरावर कानफाट्या नाथांचं स्थान आहे. नाथपंथ आमच्या घरातला. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, ही परंपरा आम्ही पाळण्यात ऐकलेली. म्हणून धोरमनाथाची कथा मला परक्याची वाटली नाही. मांडवी बंदरात रुक्मावतीच्या काठी आजही लाकडी जहाजं बांधतात; त्याच्याजवळच्या एका श्रीमंत नगरीत धोरमनाथ तपाला बसले. शिष्य भिक्षेला जायचा, पण एका गरीब म्हातारीशिवाय कुणी मदत करेना. शिष्य लाकडं विकून पीठ आणायचा आणि म्हातारी भाकरी भाजून द्यायची. बारा वर्षांनी गुरूंना हे कळलं. त्यांनी म्हातारीला बाहेर काढलं आणि नगरीला शाप दिला. नगरी ओस पडली. शाप देऊन झाल्यावर त्यांना आपल्या हातून काय झालं ते उमगलं. प्रायश्चित्तासाठी ते डोंगर चढू लागले, पण त्यांच्या पापाच्या भारानं डोंगर खचू लागले. शेवटी धिणोधर टिकला. त्यावर ते बारा वर्षं डोक्यावर उभे राहिले. देव विनवू लागले तेव्हा म्हणाले, मी डोळे उघडीन, पण माझी नजर जिथे पडेल ते जळेल. त्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र आटला आणि त्याचं रण झालं.

ही कथा मला भाच्यानं गाडीत सांगितली, कुणीतरी त्याला सांगितलेली. मी दिवसभर तिच्यावर विचार करत राहिले. पाणी जाण्याचं कारण तपस्व्याचा राग, इतकं सरळ ते नाही. रागानं गाव गेलं. समुद्र गेला तो पश्चात्तापानंतर, तपानंतर. म्हणजे इतकं मोठं प्रायश्चित्त करूनही डोळ्यांतली आग विझली नव्हती, ती कुठेतरी सांडावी लागलीच. पुण्य पापाला पुसून टाकत नाही, फक्त त्याला कमी माणसं असलेल्या दिशेला वळवतं. ही गोष्ट रचणाऱ्या अनाम माणसाला धर्माबद्दल जे कळलं होतं ते मला साठ वर्षांच्या कीर्तनांतून कुणी सांगितलं नव्हतं.

नारायण सरोवराला आम्ही सकाळी पोचलो. भुजपासून दीडशे किलोमीटर. कार्तिक एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत इथे मेळा भरतो. म्हणजे आमची कार्तिकी तेव्हा त्यांचीही. डिसेंबरात तो सरलेला होता. वल्लभाचार्यांच्या चौऱ्याऐंशी बैठकांपैकी एक इथे आहे. त्रिकमराय, लक्ष्मीनारायण, आदिनारायण यांची देवळं रांगेनं उभी, अठराव्या शतकात कच्छच्या राणीनं बांधवलेली. आणि समोर सरोवर, पार आत ओसरलेलं. पावसानं त्या साली पाठ फिरवली होती. घाटाच्या पायऱ्या संपून भेगाळ चिखल, मग पुन्हा चिखल, मग हिरवट पाणी, त्यात दोन पाणकोंबड्या. नागघाट आठवला. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलातून चालत गेले. घोटाभर पाण्यात वाकून बाटली बुडवली. बुडबुडे आले, बाटली भरली, बूच लावलं. मनात काहीच झालं नाही. आनंद नाही, समाधान नाही. पाण्यावर उन्हाचा तवंग होता आणि भाचा काठावरून "मावशी, जपून" म्हणत होता.

जवळच कोटेश्वर आहे, अगदी भूमीच्या टोकावर. तीन बाजूंनी खाडीचं पाणी. हे देऊळ 1819 च्या भूकंपानंतर, 1820 साली, दोघा व्यापारी भावांनी पुन्हा उभं केलं. तिथली कथा गोकर्णच्या कथेची बहीण शोभेल. रावणानं तप करून शिवाकडून लिंग मिळवलं. ते लंकेला नेताना त्याच्या हातून निसटलं आणि टेकताक्षणी त्याची कोटी लिंगं झाली, सगळी हुबेहूब. त्याला खरं ओळखता येईना. त्यानं एक उचललं आणि तो गेला. खरं इथेच राहिलं.

त्या देवळाच्या ओट्यावर मी पर्समधल्या बाटलीवर हात ठेवून बसले होते. मीही न्यायलाच आले होते. मी उचललं ते खरं होतं कशावरून? आत्याला जे नारायण सरोवर हवं होतं, ते मी बाटलीत भरलं, की त्याच्यासारखं दिसणारं काही? पाणी तर तेच होतं. पण आत्या वाकली असती तेव्हा त्या पाण्यात जे आलं असतं, ते माझ्या वाकण्यानं आलं नव्हतं, एवढं मला नक्की ठाऊक होतं. तीर्थाचं पावित्र्य निव्वळ पाण्यात असतं, तर तेही तिथेच यायला हवं होतं. आणि ते निव्वळ आपल्या मनात असतं, तर आत्याला घरच्या न्हाणीतच पंचसरोवर घडलं असतं. ती अनेगुंदीच्या उन्हात चालत कशाला गेली असती? दोन्ही उत्तरं त्या ओट्यावर खोटी ठरली.

मग बन्नीमध्ये एका मालधाऱ्यानं मला पाणी दाखवलं.

बन्नी म्हणजे रणाच्या काठचा गवताळ मुलूख. तिथे म्हशी, गाई, उंट पाळणारे मुसलमान मालधारी राहतात. त्यांच्या गोल झोपड्यांच्या, म्हणजे भुंग्यांच्या, भिंतींवर आरशांचे तुकडे लिंपलेले. भूजल सगळं खारं. तरीही ही माणसं शतकानुशतकं गोडं पाणी पीत आली. ज्या सखल जागी पावसाचं पाणी साचून मुरतं, तिथे ते विरडा खणतात. मराठवाड्यात कोरड्या नदीच्या वाळूत आपण झिरा उकरतो तसाच, पण विरड्यामागचं ज्ञान बारीक आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून जात नाही, त्याच्यावर पातळ थर होऊन तरंगतं. विरडा तेवढ्याच थरापर्यंत खणायचा. कडा ढासळू नयेत म्हणून लाकडांची चौकट आणि मध्ये गवत भरायचं, त्यातून पाणी गाळून झिरपतं. काही महिने गोडं मिळतं. मग चव बदलते. चव बदलली की तो विरडा बुजवायचा आणि शेजारी दुसरा उघडायचा.

तो पन्नाशीचा माणूस होता, खांद्यावर अजरख. त्यानं वाटीनं पाणी काढून मला दिलं आणि म्हणाला, बेन, सावकाश काढायचं, हिसका दिला की खालचं वर येतं. मी प्यायले. किंचित मातकट, आणि गोड. बाजूला म्हशींसाठीचं डोणं भरून ठेवलेलं होतं. पाणी कुणाचं, असं विचारलं तर त्याला प्रश्न नीट कळला नाही. भाच्यानं पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, ज्याला तहान लागली त्याचं.

मला तेव्हा माझ्या गावचा माणूस आठवला. एकनाथ महाराज. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला निघालेले. महिनोन्महिने चालून, सोवळं सांभाळून आणलेलं ते पाणी त्यांनी वाळूत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. पैठणच्या मुलांना ही कथा इतक्यांदा ऐकायला मिळते की तिची धार बोथट होते. ती भूतदयेची गोष्ट आहे, असं मी वर्गात सांगायची. कच्छमध्ये ती मला उलट्या बाजूनं भेटली. भुजच्या पूर्वेला ध्रंग नावाचं गाव आहे, तिथे मेकण दादांची समाधी आहे. हा संत रणाच्या काठी राहायचा. सिंधकडे जाणारे-येणारे वाटसरू रणात वाट चुकून तहानेनं मरायचे. मेकण दादांजवळ लालियो नावाचं गाढव होतं आणि मोतियो नावाचा कुत्रा. लालियोच्या पाठीवर पाणी लादायचं आणि दोघांना रणात सोडायचं. मोतियो वासानं माणूस हुडकायचा, लालियो पाणी पोचवायचा. मग दोघं त्या माणसाला वाटेला लावायचे.

आमच्या गावी संतानं गाढवाला पाणी दिलं. इथे गाढवानं माणसाला. मी समाधीपुढे बसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सरोवराकाठी जे आलं नव्हतं ते. रामेश्वराच्या वाटेवरची ती वाळू, जिथे कावड उपडी झाली, तिला कुणी तीर्थ म्हणत नाही. तिथे घाट नाही, देऊळ नाही. पण उतार हा शब्द शब्दशः घ्यायचा, तर एक जीव तिथूनच पार झाला. आणि रणात लालियो जिथे उभा राहिला असेल त्या प्रत्येक ठिकाणी, ज्याला आज नाव नाही, खूण नाही, तिथे उतार होता. कच्छच्या उत्तर भागात काळ्या डुंगरावर दत्ताचं देऊळ आहे. तिथे रोज कोल्ह्यांना भात घालतात, पुजारी "लोंग, लोंग" अशी हाळी देतो. उपाशी कोल्ह्यांपुढे दत्तानं आपलंच अंग धरलं, 'ले अंग' म्हणाला, त्याचं 'लोंग' झालं म्हणतात. गाणगापूर-नरसोबावाडीच्या दत्ताला आम्ही कुत्र्यांसह पाहतो. हा दत्त कोल्ह्यांसह होता. मला त्याला वेगळा नमस्कार करावा लागला नाही.

इथे थांबता आलं असतं. देणं म्हणजे तीर्थ, तहानलेल्याला पाणी देणं हीच यात्रा, असं म्हणून मी सुखानं घरी आले असते. पण हे उत्तर मला आत्याशी प्रामाणिक वाटेना. आत्यानं जन्मभर दिलंच. चैत्रात आमच्या दाराशी तिची पाणपोई असायची, रांजणाला ओलं फडकं, वर तांब्या. देणं हेच तीर्थ आहे असं तिला वाटत असतं, तर तिनं त्या बाटल्यांना चिठ्ठ्या बांधल्या नसत्या. तिला ते पाणी हवं होतं. त्याच जागेचं, तेच. तिच्या श्रद्धेचं माझ्या सोयीच्या तत्त्वज्ञानात भाषांतर करण्याचा मला अधिकार नाही.

धोळावीरा आमच्या वाटेवर शेवटी होतं. खडीर बेटावर, खावड्याकडून रणाच्या मधोमध गेलेल्या रस्त्यानं जायचं. दोन्हीकडे मीठ. बेट हा शब्द तिथेही बेटच. गावकरी त्या टेकाडाला कोटडा म्हणायचे. 1960 च्या दशकात जगत्पती जोशींनी ते जगापुढे आणलं, 1990 पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी तिथे उत्खनन केलं आणि 2021 साली ते जागतिक वारसा ठरलं. सिंधू संस्कृतीचं हे नगर साधारण दीड हजार वर्षं वसलेलं होतं. दोन्ही अंगांना एकेक पावसाळी ओढा. दोघांवर बांध घालून पाणी नगराभोवतीच्या तलावांत वळवलेलं. पूर्वेकडचा तलाव 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद, 10 मीटर खोल, पायऱ्यांसह. उतरत गेले तसं ऊन मागे राहिलं. तळाशी काही नव्हतं. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी इथे कुणी घडा घेऊन याच पायऱ्या उतरलं असेल. ओढ्यांची नावं मनहर आणि मनसर. मनसर! आत्याच्या पाचव्या चिठ्ठीवरच्या नावाचं सख्खं भावंड. मी त्या कोरड्या पात्रात उतरले आणि बराच वेळ उभी राहिले.

नगराच्या पश्चिमेला स्मशान आहे. तिथे दगडमातीचे अर्धगोल उंचवटे आहेत. एकाची बांधणी चाकाच्या आऱ्यांसारखी. उत्खनन करणाऱ्यांना आत भांडी मिळाली, मणी मिळाले. माणूस मिळाला नाही. थडगी, पण रिकामी. जो इथे मेला नाही, ज्याचं शरीर समुद्रावर किंवा दूरच्या मुलखात राहिलं, त्याच्यासाठी ती बांधली असावीत, असं मानलं जातं. त्यांनी जागा केली, खड्डा खणला, पाण्याचं भांडं ठेवलं, मणी ठेवले आणि वर दगड रचले. जो नव्हता त्याच्यासाठी सगळं तेवढ्याच निगुतीनं केलं.

आणि मला लखपतचा गुरुद्वारा आठवला. मक्केच्या वाटेवर गुरू नानक तिथे उतरले होते अशी श्रद्धा आहे. 2001 च्या भूकंपानंतर ती वास्तू इतक्या काळजीनं सावरली की 2004 साली तिला युनेस्कोचा वारसा-संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. ज्या ग्रंथापुढे तिथे माथा टेकतात, त्यात आमच्या नामदेवांची 61 पदं आहेत. आणि आत काय जपलं आहे? लाकडी पादुका आणि पालखी. आळंदीहून आम्ही दरवर्षी नेतो तेच. पाय नसलेल्या पादुका, बसणारा नसलेली पालखी. ज्ञानोबांच्या रिकाम्या पादुकांना खांदा देताना माझ्या वडिलांना कधी त्या रिकाम्या वाटल्या नाहीत.

परतीच्या आदल्या संध्याकाळी भुजियो डोंगरावर स्मृतिवनात गेलो. 26 जानेवारी 2001 ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंपात गेलेल्या माणसांचं ते स्मारक. डोंगरउतारावर लहान लहान बंधारे घातले आहेत, पन्नासेक, आणि त्यांच्या भिंतींवर मृतांची नावं, जवळपास 13 हजार. पुतळे नाहीत, खांब नाहीत. पाऊस पडेल तेव्हा पाणी साठवणाऱ्या भिंती, आणि भिंतींवर नावं. मी एक एक नाव वाचत खाली उतरले. बहुतेक बंधारे त्या दिवशी कोरडे होते. पाणी येईल तेव्हा ते नावांच्या पायाशी येईल, तोवर नावं त्याची जागा धरून उभी आहेत. तिथे मला नागघाटाच्या शेवटच्या पायरीवर तांब्या घेऊन उभी असलेली आत्या दिसली. ती पाण्याला भेटायला जात नव्हती. ती त्याची जागा धरून उभी राहायची. रोज जाऊन, हात ओला करून, गोट्याला शिवून ती सांगायची की ही जागा दुसऱ्या कशाची नाही.

घरी आल्यावर पेटी उघडली. 'नारायण'ला तिच्या जागी ठेवलं. त्या पाण्याला किंचित हिरवी झाक आहे, बाकी तिघी स्वच्छ आहेत. 'मानस' तशीच होती, कोरडी, सुताची गाठ आत्याच्या हातची. बूच सैल झालं होतं, ते बदललं. दर गुरुवारी देवघर स्वच्छ करते तेव्हा पेटीही खाली घेते, पाचही बाटल्या बाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसते, आणि पुन्हा त्याच क्रमानं लावून ठेवते.